वरच्या खोलीचा केर

१

शनिवारी नाश्त्याची भांडी घासून होतात न होतात, तोच जर्मनीहून अमृताचा व्हिडिओ कॉल यायचा. मग हर्सूलच्या त्या दुमजली घरात नुसती धावपळ. द्वारकाकाकू गॅस बारीक करून पदराला हात पुसत यायच्या, राजेंद्रकाका चष्मा शोधायचे, आणि डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये काकूंची लेक पाठीला सॅक लावून उभी दिसायची. सोमवार ते शुक्रवार गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत इंटर्नशिप आणि शनिवार-रविवार भटकंती, असं अमृतानं पहिल्याच महिन्यात बसवून टाकलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा, सॅक भरायची, सकाळची पहिली ट्रेन धरायची आणि रविवारी खोलीवर परत. एवढ्या लांब येऊन खोलीतच बसायचं तर वाळूज काय वाईट होतं, असं ती म्हणायची आणि सगळे हसायचे.

सोनिया वाळूजच्याच एका कारखान्यात इंटर्नशिप करत होती. ती हसायची नाही.

काकूंचा कार्यक्रम ठरलेला असे. वाटीतलं दही-साखर चमच्यानं उचलून फोनच्या काचेसमोर धरायचं, तिकडं अमृतानं हवेत तोंड उघडायचं, आणि मग ते दही काकूंनी स्वतःच खाऊन टाकायचं. "जाते" म्हणायला बंदी होती, "येते" म्हणायचं. फोन बंद झाला की काकू जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून पुतणीला बजावायच्या, "सोने, वरची खोली झाडू नको बरं आता. पोरगी वाटेला लागलीय. पोचल्याचा मेसेज येऊ दे, मग झाड."

कुणी प्रवासाला निघालं की त्याच्यामागं लगेच घर झाडायचं नाही, हे सोनियालाही लहानपणापासून माहीत होतं. माणूस उंबऱ्याबाहेर पडल्या पडल्या घर झाडतात ते एकदाच, तिरडी उचलल्यावर. पण पोरगी निघणार जर्मनीतल्या खोलीतून आणि झाडायचं नाही हर्सूलच्या खोलीत, हे गणित काकूंनाच जमायचं. वरच्या मजल्याचा केरवारा सोनियाकडं होता. तिला शनिवारी सुट्टी असे, आणि सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या खोलीपाशी केरसुणी घेऊन थांबून राहायची वेळ तिच्यावर यायची.

ती खोली अमृताची होती. जर्मनीची जागा मात्र सोनियाची होती.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. दोघी चुलतबहिणी, एकाच घरातल्या, एकाच वर्षाच्या, एकाच कॉलेजात. परदेशी कंपनीनं कॉलेजातून एकच जागा दिली. सोनियाचं नाव पहिलं होतं, अमृताचं तिच्याखाली. शेवटची मुलाखत तेवढी व्हिडिओ कॉलवर व्हायची होती, आणि पहिली हजर नसली तर दुसरीला घ्यायचं ठरलं होतं. त्या आठवड्यात सोनियाचा मोबाइल दुरुस्तीला गेला होता, म्हणून कॉलेजातल्या सरांनी वेळ अमृताला कळवली. अमृता जिन्यात सोनियाला म्हणाली, मुलाखत एक दिवस पुढं ढकललीय. सोनिया निर्धास्तपणे आईवडिलांबरोबर दौलताबादच्या मळ्यात अंजीर तोडायला गेली. ती झाडावर होती तेव्हा अमृता वरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखत देत बसली होती. पुढं सरांनी स्पष्ट सांगितलं की वेळ कधी बदललीच नव्हती. सोनियानं घरात रडून गोंधळ घातला. तिचे वडील खाली बघत राहिले, मोठ्या भावापुढं ते कधी बोललेच नव्हते. राजेंद्रकाकांनी निकाल दिला.

"ऐकण्यात चूक झाली असंल. आन् गेली तर घरातच गेली ना जागा? तुम्ही दोघी काय येगळ्या हाव का?"

त्या दिवसापासून 'घरातच' हा शब्द ऐकला की सोनियाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

२

दसरा झाल्यानंतरच्या शनिवारी अमृता कुठल्याशा जंगलात निघाली होती. फोन ठेवता ठेवता तिला चुलतबहिणीची आठवण झाली. "सोने, तू पण फिरत जा गं थोडी," ती म्हणाली. "काहीच नाही तर दौलताबादचा किल्ला तरी चढून ये."

काका खो खो हसले. काकूंनी दही खाल्लं, ठरलेली ताकीद दिली आणि हरसिद्धीच्या देवळात निघून गेल्या.

सोनिया वर आली. कॉटवरची गादी गुंडाळलेली, खुर्चीवर अमृताचा जुना दुपट्टा, खिडकी बंद. झाडण्यासारखं त्या खोलीत काहीही नव्हतं. तिनं दाराआडची केरसुणी घेतली. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मशीनवर बसणारी मुलगी ती, दिवसभर बोल्ट गेजमध्ये घालून बघायची, बसला तर पास आणि अडला तर बाद. पण काकूंचा विश्वास आहे आणि अमृताही तिकडं तोंड उघडून दही खाल्ल्याचं नाटक करते, एवढं तिला पुरेसं होतं. समोरच्या भिंतीपासून तिनं सुरुवात केली. कोपरे काढले, कॉटखालून केरसुणी फिरवली, आणि तिरडी गेल्यावर झाडतात तसं आतून बाहेर, एका दमात उंबऱ्यापर्यंत आणलं. बरं वाटलं. कितीतरी महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

सुपलीत केर भरताना तिला ते पान दिसलं. विटकरी रंगाचं, पाच टोकांचं, देठ अजून ओला.

असलं झाड हर्सूलला नाही. वाळूजला नाही आणि विद्यापीठाच्या डोंगरावरही नाही. सोनियानं पान उलटसुलट करून पाहिलं. अमृताच्या एखाद्या पुस्तकातून पडलं असेल, असं तिनं ठरवलं. मग पुस्तकातलं पान ओलं कसं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. तिनं केर गच्चीवरून मागच्या बाजूला टाकून दिला.

दुपारी अमृताचे फोटो आले. विटकरी झाडांखाली ती हात पसरून उभी होती.

रविवारी तिचा फोन जरा उशिरा आला. आवाज उतरलेला होता. तिथल्या हॉस्टेलात तिचं बुकिंगच सापडलं नव्हतं. त्याहून विचित्र म्हणजे, दुपारी ज्या बाईनं तिला हसून किल्ली दिली होती, त्याच बाईनं संध्याकाळी तिला दारात अडवून तुम्ही कोण म्हणून विचारलं. सॅक बाहेर आणून ठेवली होती. रात्र स्टेशनवर बसून काढावी लागली. काकूंनी मीठमोहऱ्या घेऊन फोनवरूनच लेकीची दृष्ट काढली.

सोनिया भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, कारण तिला हसू आवरेना.

३

पुढच्या खेपेला अमृता समुद्रावर निघाली होती. या वेळी सोनियानं वाट पाहिली नाही. काकू फोन ठेवून देवघराकडं वळल्या, तेवढ्यात ती वर पोचली होती.

झाडता झाडता केरसुणी जड झाली. सोनियानं खाली पाहिलं. फरशीवरून वाळू सरकत होती, बारीक, पांढरट, ओली. पहिल्या फटक्याला चिमूटभर होती, उंबऱ्याशी येईतो ओंजळभर झाली.

गच्चीवर टाकीचं बांधकाम चालू होतं, हे तिला लगेच आठवलं. पण ती वाळू करड्या रंगाची, खडी मिसळलेली, आणि तिच्यावर आठवडाभर ऊन पडत होतं. सोनिया उकिडवी बसली. दोन कण तिनं जिभेवर ठेवले.

खारट.

समुद्र तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तिच्या अंगावर काटा आला आणि तरीही आत कुठंतरी तिला गुदगुल्या झाल्या. मी इथं झाडते आणि तिचं तिकडं काहीतरी झडतं, असं तिच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी तिनं स्वतःला वेड्यात काढलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस बाई तू, असं स्वतःला बजावत तिनं ती वाळू सुपलीत भरली. उरलेला एकेक कणसुद्धा तिनं मन लावून गोळा केला.

सोमवारी भलत्याच वेळी अमृताचा फोन आला. काकू भाकऱ्या थापत होत्या. सोनियानं फोन त्यांच्यासमोर धरला.

काकूंनी काचेकडं बघितलं. मग सोनियाकडं बघितलं. "कोण हाय गं?"

"आई, मी," तिकडून अमृता म्हणाली.

काकू एकदम हसल्या, पिठाचा हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या की चष्मा नाही तर काही दिसतच नाही मेलं. पण चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. तो सोनियानं पाहिला आणि अमृतानंही पाहिला.

अमृता सांगत होती की कंपनीच्या दाराला तिचं कार्ड लागत नाही. चार महिने शेजारी बसणाऱ्या मुलानं आज उठून हात पुढं केला आणि स्वतःचं नाव सांगून ओळख करून घेतली. सुपरवायझरनं तिला पाहुण्यांच्या बाकावर बसवलं, कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. मग काकू भाकरी उलटायला वळल्या तसा तिनं आवाज खाली आणला.

"सोने, मला मागून एक आवाज येतो गं. रस्त्यानं चालताना. इथं रस्ते मशीननं झाडतात, त्याचा नाही. आपल्या केरसुणीचा. खर्र, खर्र. वळून बघितलं की काहीच नसतं."

"थकलीयस तू," सोनिया म्हणाली. "झोप नीट."

फोन ठेवल्यावर ती न्हाणीत गेली, नळ सोडला आणि पोटभर हसली. खोटं कशाला सांगायचं, तिला इतका आनंद यादीत पहिलं नाव लागलं त्या दिवशीही झाला नव्हता.

४

त्यानंतर अमृतानं भटकंती बंद केली. शनिवार येई, फोन येई, पण सॅक दिसत नसे. ती खोलीत बसून असे, पडदे ओढून. फोनही काकू हल्ली कधी उचलत, कधी राँग नंबर म्हणून ठेवून देत.

घरही तिला हळूहळू पुसून टाकू लागलं होतं. काकू फोनसमोर दही धरायचं विसरल्या. शेजारच्या मनकर्णाबाईंनी तुमची पोरगी कधी येणार म्हणून विचारलं, तर त्यांनी सोनियाकडं बोट दाखवून ही काय इथंच आहे म्हटलं. दिवाळीनंतर मका निघाला आणि राजेंद्रकाकांनी पोती थेट वरच्या खोलीत चढवली. काकू जिन्यात उभ्या होत्या.

"अवं, तिथं नका ठिवू. ती खोली..." एवढं म्हणून त्या थांबल्या. बराच वेळ आठवत राहिल्या. "ती खोली कुणाची तरी हाय ना?"

"कुणाची असंल? रिकामीच तर पडलीय," काका म्हणाले आणि दुसरं पोतं पाठीवर घेतलं.

सोनियाला हे बघून खरं तर घाबरायला हवं होतं. थोडी ती घाबरलीही. पण सूड अर्ध्यावर अडकला की माणूस घाबरण्यापेक्षा जास्त चिडतो. प्रवासच नाही तर झाडायचं कुणामागं? वाळूजच्या शेडमध्ये बोल्ट तपासताना तिचा जीव शनिवारकडं लागलेला असायचा. मग तिनंच अमृताला गोड मेसेज करायला सुरुवात केली. अगं जा की कुठंतरी. बर्फ पडलं असेल आता. असे दिवस परत येणार आहेत का?

उत्तर आलं नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र अमृतानं थेट तिलाच फोन लावला. पडद्यावर तिचा चेहरा पुसट दिसत होता, कॅमेऱ्याला बोटं लागल्यासारखा.

"आई मला ओळखत नाही," अमृता म्हणाली. "पप्पा दुसऱ्याच कुणाला तरी लागलाय फोन म्हणतात. घरमालकीण खोली दाखवायला माणसं घेऊन येते, मी आत बसलेली असताना. एकटी तूच मला नावानं हाक मारतेस."

आपल्यालाच ती कशी आठवते, हे सोनियाला कळत होतं. ज्याचा राग येतो त्याला विसरता येत नाही.

"मी खोटं बोलले होते," अमृता एकदम म्हणाली. "मुलाखतीचं. तू मळ्यात जावीस म्हणूनच बोलले. जागा तुझी होती."

इतक्या महिन्यांनी ते वाक्य आलं, आणि ते वाळूजच्या कँटीनमध्ये, शेजारी स्टीलची ताटं आपटत असताना. सोनियाचे डोळे भरून आले. तिनं विचारलं, "हे घरी सांगशील? सगळ्यांसमोर?"

"सांगते. शनिवारी निघते मी इथनं, रविवारी घरी. पासपोर्टवर अजून नाव हाय माझं. समोर उभी राहिले की आईला आठवंल. मग मी सगळं सांगते, माझ्या पप्पांना, तुझ्या पप्पांना, सगळ्यांना. फक्त एक कर, सोने. मी घरी येईपर्यंत माझी खोली कुणाला झाडू देऊ नको. तू तिथं बसून राहा. त्या आवाजाची मला लई भीती वाटती."

सोनियानं शब्द दिला. आणि तो तिनं मनापासून दिला होता, हे सांगायला हवं.

५

शनिवारी ती सकाळपासून वरच्या खोलीत बसली. पोत्यांनी अर्धी खोली भरली होती. मक्याचा भुसा आणि शेतातली माती यांचा फरशीवर पातळ थर बसला होता, आणि त्यावर सोनियाच्या आत येतानाच्या चपलांच्या ठशांखेरीज कसलीच खूण नव्हती. केरसुणी दाराआड होती. तिकडं बघायचं नाही असं ठरवून ती कॉटवर पाय वर घेऊन बसली. उद्या या वेळेला वडील मान वर करतील. काका खाली बघतील. तिनं कितीदा तरी ते चित्र मनात रंगवलं.

विमानतळावरून अमृताचा फोन आला. चेहरा पुष्कळ स्पष्ट दिसत होता आणि त्यावर जुना तजेला होता.

"बसलीस ना खोलीत? म्हणूनच आवाज बंद झाला बघ," ती म्हणाली. "आता बँकेचं कार्डही चाललं, तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं नावानं हाक मारली. सुटले गं बाई." मग केसांत हात फिरवून ती म्हणाली, "सोने, एक ऐक ना. आल्या आल्या ते मुलाखतीचं नको काढायला. आईला उगाच धक्का बसंल. आन् आता बोलून जागा थोडीच परत मिळणार हाय? झालं गेलं. घरातच होतं ना सगळं."

विमानाची सूचना झाली आणि ती घाईघाईनं येते म्हणाली. फोन बंद झाला.

खालून कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी रस्त्यावरून भंगार मागत गेलं. मग सोनिया उठली, दाराआडून केरसुणी काढली आणि समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

पहिला फटका मारला तेव्हा फरशीवर, तिच्या पुढं हातभर अंतरावर, धुळीत एक पाऊल उमटलं.

अनवाणी पाऊल. बोटं दाराकडं. ते ओलं होतं, कडेला धूळ भिजून काळी झाली होती. सोनियाचा हात थांबला नाही. तिनं ते झाडलं. पुढं दुसरं उमटलं, मग तिसरं, जवळ जवळ, घाईघाईत, कुणीतरी केरसुणीच्या पुढं पळत असल्यासारखी. ओळीनं दाराकडं. खोलीत आवाज फक्त केरसुणीचा होता. नाही, आणखी एक होता. तिच्या स्वतःच्या श्वासाखाली दुसराच कुणाचा तरी श्वास लागला होता.

फोन कॉटवर वाजू लागला. तिनं मान वळवून बघितलं. पडद्यावर अमृताचं नाव होतं. ती बघत असतानाच नाव गेलं आणि नुसता नंबर राहिला. मग नंबरही गेला. रिंग मात्र वाजतच राहिली.

उंबऱ्याशी पावलं संपली. तिथं दोन्ही पावलं शेजारी शेजारी उमटली, टाचा खोल रुतलेल्या. आणि मग, सोनियाच्या डोळ्यांसमोर, ती वळली. बोटं आता तिच्याकडं होती.

तिथं थांबता आलं असतं. सोनियानं ओठ आवळले, केरसुणी उचलली आणि डावं पाऊल पुसून टाकलं. उजव्यावर फटका मारला तेव्हा केरसुणी मधेच अडली. कुणीतरी पलीकडून धरल्यासारखी. तिनं जोरानं ओढली, बांध सुटला, काड्या फरशीवर विखुरल्या. मूठ तेवढी हातात राहिली, आणि मुठीत, काड्यांच्या जागी, लांब ओले केस गुंतले होते.

फोन वाजायचा थांबला.

६

रविवारी कुणी आलं नाही. सोनिया दुपारपर्यंत फाटकाशी उभी होती. फोनमध्ये तिनं नाव शोधलं, ते नव्हतं. तिचे मेसेज होते, एकटीचेच, कुणाला पाठवले ते वरती लिहिलेलं नव्हतं.

जेवायला सगळे बसले तेव्हा तिनं विषय काढला. अमृता आज येणार होती, म्हणाली. काकूंनी वाढता वाढता विचारलं, कोण अमृता, तुझ्या कंपनीतली का? मग सोनिया बोलत सुटली. मुलाखत, मळा, अंजीर, जिन्यातलं खोटं, जर्मनी, सगळं. वडील घास हातात धरून ऐकत राहिले. एवढं तर तिला हवंच होतं, सगळ्यांसमोर बोलणं.

राजेंद्रकाका पाणी प्यायले. "सोने, किती दिवस कुरवाळत बसणार हाईस ते?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मुलाखत तुझी होती. तूच विसरलीस आन् मळ्यात गेलीस. जागा गेली ती गेली. आता त्याच्यासाठी एक बहीण उभी केलीस व्हय मनातल्या मनात?"

"आमचं नशीब," काकू म्हणाल्या. "असती एखादी लेक तर पाठवली असती गं तिलाच."

वडिलांनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदाच ते मोठ्या भावासमोर बोलले. "चूक पोरीचीच हाय, भाऊ. मला तवाच वाटलं होतं."

सोनिया ताटावरून उठली आणि जिना चढून वर गेली. खोली पोत्यांची होती. कॉट नव्हती, खुर्ची नव्हती, दुपट्टा नव्हता. पण उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, काड्या विखुरल्या होत्या तिथं, अर्धं पाऊल अजून होतं. उजवं. टाच गेली होती. पुढचा चवडा आणि पाच बोटं होती, तिच्याकडं वळलेली. ती वाकली. धूळ अजून ओली होती.

ती तिथंच फरशीवर बसली आणि त्या बोटांवर तिनं आपला तळहात ठेवला. गार लागलं. आठवत असेल तेवढं तिनं आठवलं, अमृताचा शर्ट, जिन्यातलं तिचं ते सहज बोलणं, केसांत हात फिरवून म्हटलेलं झालं गेलं. रागानं ती दात खात होती. "ये," ती दबल्या आवाजात म्हणाली. "ये आणि सांग त्यांना. मग काय व्हायचं ते होऊ दे तुझं."

मागं जिन्यात पायरव झाला. काकू वर आल्या. त्यांच्या हातात नवी केरसुणी होती. संध्याकाळी आणखी पोती यायची होती, जागा करून ठेवायची होती.

"सरक गं जरा. झाडून घेते."

"नका झाडू, काकू," सोनिया म्हणाली. तळहात तिनं आणखी दाबून धरला. "आज नका. पाया पडते."

काकूंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं, फाटकाकडं, रिकाम्या रस्त्याकडं. "का गं?" त्यांनी विचारलं. "आपलं कोण गेलंय प्रवासाला?"

सोनियानं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. काकूंनी ते दोन्ही वेळा नीट ऐकून घेतलं, मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पदर खोचून समोरच्या भिंतीपासून झाडायला सुरुवात केली.